ताप उतरल्यावर

२०२४ च्या जुलै-ऑगस्टात आपल्यातली निम्मी मंडळी सुट्टीवर भारतात होती. त्याच सुमारास गुजरातेतून चांदीपुरा विषाणूच्या बातम्या येऊ लागल्या. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ८२ दगावले आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू पक्का सापडला. बहुतेक सगळी लहान मुले. बडोद्याला माहेरी गेलेल्या आपल्या एका वहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, तुम्ही लॅबमध्ये काम केलंय म्हणून विचारते. हा चांदीपुरा म्हणजे आपल्या नागपूरचाच का? आणि यातून वाचलेली मुलं पुढे अगदी पहिल्यासारखी होतात का हो?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. हो, नागपूरचाच. दुसऱ्या प्रश्नावर मी काहीतरी धीराचे बोललो आणि फोन ठेवला. पण तो प्रश्न माझ्या जुन्या ओळखीचा आहे. माझ्या आत्याने तो नागपुरात दारोदार विचारला होता.

माझा आतेभाऊ १९७४ साली सात वर्षांचा होता. ताप, झटके, मग अकरा दिवस बेशुद्धी. सगळ्यांनी आशा सोडली होती, पण पोरगा उठला. घरी आला तेव्हा आत्याने आळीत पेढे वाटले. दवाखान्याच्या कागदावर 'मेंदूज्वर, बरा झाला' एवढेच लिहिलेले होते. मग शाळा सुरू झाली. आजारापूर्वी पाठ झालेले पाढे तो खडाखडा म्हणे. नवीन मात्र काही राहीना. सकाळी शिकवलेली कविता दुपारी त्याने कधी ऐकलीच नव्हती असा चेहरा. गुरुजींना वाटले टाळाटाळ करतो, त्यांनी छड्या मारल्या. नातेवाईक म्हणाले लाडावला आहे. आत्या एकटीच सांगत राहिली की 'तापाने ह्याचं काहीतरी नेलंय'. तिचे म्हणणे बरोबर होते, आणि जगात काही लोक नेमके तेच कागदावर मांडत होते, हे मला कळायला तीस वर्षे लागली. हा लेख त्या लोकांविषयी आहे. मी डॉक्टर नाही, लॅबमधला माणूस आहे. त्या बेताने वाचावे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'मेंदूज्वर' हा एकच शब्द दोन-तीन आजारांना वापरतात. हज-उमऱ्याला येणाऱ्यांना इथे जी मेंदूज्वराची लस सक्तीची असते, ती जिवाणूमुळे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेवरची आहे. ती टोचली म्हणून विषाणूंपासून संरक्षण मिळत नाही. आपण बोलतो आहोत ते विषाणूमुळे खुद्द मेंदूला येणाऱ्या सुजेबद्दल, ज्याला डॉक्टर एन्सेफलायटिस म्हणतात.

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९५२ साली पुण्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढले. १९७८ पासून त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था, आपण एनआयव्ही म्हणतो ती. सुरुवातीलाच त्यांनी देशभरच्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले. जपानी मेंदूज्वराचा विषाणू भारतात फिरून गेल्याच्या पहिल्या खुणा त्या तपासणीत मिळाल्या, त्यांत नागपूर भागही होता. १९५४ साली छापलेल्या त्या निबंधावर स्मिथबर्न आणि कर या दोन साहेबांबरोबर गटणे असे तिसरे नाव आहे. पु.लं.चा सखाराम आठवल्याशिवाय राहत नाही. असो.

१९६५ साली नागपुरात डेंग्यू-चिकनगुन्याची साथ होती. त्या वेळी घेतलेल्या रक्तांपैकी दोन रुग्णांच्या नमुन्यांत पुण्याच्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना भलताच विषाणू मिळाला, सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. त्याला चांदीपुरा नाव मिळाले. पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तो सँडफ्लायमध्ये, आपल्या वाळूमाशीत, सापडला. पण बराच काळ त्याला फारसे कोणी मनावर घेतले नाही. साध्या तापाचा विषाणू म्हणून तो कपाटात राहिला. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ गेली, आणि कपाटातला विषाणू बाहेर आला. त्या वर्षी महाराष्ट्रातही साथ होती, २००७ साली नागपूर विभागात पुन्हा आली. हा आजार इतका झटपट घेऊन जातो की दवाखान्यात पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत निकाल लागतो.

आता पुण्याहून थेट आपल्या जेद्दाला येऊ, कारण या दोन गावांमध्ये एक धागा आहे आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. पुण्याहून टेलफर्ड वर्क आणि हॅरल्ड ट्रॅपिडो यांचे पथक गेले. आधी पिवळ्या तापाची भीती होती. निघाला तो गोचिडींतून पसरणारा नवाच विषाणू. आपण त्याला माकडताप म्हणतो. या तापाची चाल विचित्र आहे: आठ-दहा दिवस ताप येतो, उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि काही जणांत आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा फेरा येतो, तो मेंदूचा. मान आखडते, हातपाय कापतात, माणूस असंबद्ध बोलतो.

१९९५ साली जेद्दात कसाईकाम करणाऱ्या काही जणांना तीव्र ताप आला. डॉ. सुलेमान फकीह हॉस्पिटलच्या लॅबमध्ये डॉ. अली मोहम्मद झाकी या इजिप्शियन विषाणुतज्ज्ञांनी त्यांच्या रक्तातून विषाणू वेगळा केला. (पुढे २०१२ साली मर्सचा करोना विषाणू ज्यांनी पहिल्यांदा शोधला तेच हे झाकी.) तपासता तपासता कळले की जेद्दाच्या विषाणूचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे क्यासनूरचा माकडताप. दोघांच्या जनुकीय लिखाणात दहातली जवळजवळ नऊ अक्षरे जुळतात. इथे तो मेंढ्या-उंटांच्या संगतीत राहतो. उंटावरच्या आणि उंट बसतात त्या जागेतल्या गोचिडींत तो सापडला आहे. नावाचाही एक किस्सा आहे. जेद्दाच्या दक्षिणेला अल् खुम्रा म्हणून वस्ती आहे, तिच्यावरून नाव द्यायचे होते. कागदावर पडले अल् खुर्मा, जे तायफच्याही पलीकडचे वेगळेच गाव. दुरुस्ती झाली, तरी शास्त्रीय लेखांत दोन्ही नावे चालू आहेत. एका गावाचा ताप दुसऱ्या गावाच्या माथी बसला तो बसलाच.

२००१ ते २००३ या काळात मक्केत या तापाचे वीस पक्के रुग्ण नोंदले गेले, त्यांतले पाच गेले. काहींना रक्तस्राव, काहींना मेंदूचा त्रास. आणि माकडताप आपल्या घराच्याही जवळ आला: २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावी, २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केरमध्ये. काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडली. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील त्याच बागांत जातात. आणि आपल्यातली रत्नागिरी-मुरूडकडची मंडळी बकरी ईदला इथे बकरा घेतात. कापताना आणि साफ करताना हातमोजे घालणे, अंगावर गोचीड आहे का बघणे एवढे तरी करावे.

अल् खुम्राच्या तापाचे जे लेख मी वाचले, त्यांत ताप किती दिवस, प्लेटलेट किती, रक्तस्राव किती जणांना, मेले किती, हे सगळे चोख आहे. घरी गेलेला माणूस सहा महिन्यांनी दुकानाचा हिशोब पूर्वीसारखा करतो का, हा रकाना मला त्यांत दिसला नाही. लॅबवाल्यांना दोष देत नाही, मीही तीस वर्षे तेच रकाने भरले. पण आत्याचा प्रश्न नेमका त्या नसलेल्या रकान्याचा होता.

तो रकाना आला कुठून, ते आता पाहू. त्यासाठी जरा युरोप-अमेरिकेत जावे लागेल.

१९१७ साली व्हिएन्नात फॉन इकोनोमो यांनी एका 'झोपेच्या' मेंदूज्वराचे वर्णन केले. दहाएक वर्षे तो जगभर फिरला आणि मग दिसेनासा झाला. तो विषाणूचाच होता हे आजवर सिद्ध झालेले नाही. मात्र त्यातून वाचलेली मुले हट्टी, बेफाम, वेगळ्याच स्वभावाची झाली असे आईबाप सांगू लागले, आणि वाचला म्हणजे बरा झाला असे नाही हे डॉक्टरांच्या प्रथमच मोठ्या प्रमाणावर लक्षात आले. तरी ते सारे स्वभावाबद्दल होते. आठवणीबद्दल नव्हते.

आठवण मेंदूत कुठे राहते हे कळले ते एका शस्त्रक्रियेच्या चुकीतून. १९५३ साली अमेरिकेत एका तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही कानशिलांकडचा आतला भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्या दिवसापासून त्याला नवे काही लक्षात राहीना. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला वर्षानुवर्षे तपासले. १९५७ साली शल्यविशारद स्कोव्हिल यांच्याबरोबर त्यांनी तो निबंध छापला. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, जुने पुष्कळसे शाबूत, फक्त नवी आठवण तयार होत नाही. मिल्नरबाईंची आणखी एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. तीन दिवसांत त्या तरुणाचा हात सफाईने चालू लागला, पण रोज त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. म्हणजे हाताची आठवण निराळी आणि डोक्याची निराळी.

हे वाचले तेव्हा मला माझा आतेभाऊ दिसला. शाळा सुटल्यावर काकांनी त्याला सायकलच्या दुकानात बसवले होते. पंक्चर काढायला तो उत्तम शिकला. कधी शिकला, कोणी शिकवले, त्याला सांगता येत नसे. आणि समोरची सायकल कोणाची तेही.

तीनच वर्षांनी, १९६० साली, लंडनच्या क्लिफर्ड रोझ आणि चार्ल्स सिमंड्स यांनी 'ब्रेन' नियतकालिकात चार रुग्णांची हकिगत दिली. कोणाच्याही मेंदूवर शस्त्रक्रिया झालेली नव्हती. मेंदूज्वर झाला, वाचले, आणि आठवण कायमची अधू झाली. आत्या जे म्हणत होती ते चौदा वर्षे आधी छापून आलेले होते. पुढच्या वर्षांत उलगडा होत गेला की अशा रुग्णांत बऱ्याचदा हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू असतो, तोच जो एरवी ओठावर जर येतो तेव्हा फोड उठवतो. लाखो लोकांच्या अंगात तो गुपचूप राहतो. वर्षाला दहा लाखांत दोन-चार जणांच्या मेंदूत शिरतो, आणि शिरला की कानशिलाच्या आतल्या, आठवणीच्याच भागावर बसतो. मिल्नरबाईंच्या रुग्णात सुरीने केले ते इथे विषाणू करतो, आणि बहुधा आजूबाजूचेही बरेच नेतो.

पण अभ्यास करायला रुग्ण हवेत ना! उपचार नसताना हर्पिसच्या मेंदूज्वरात शंभरातले सत्तर जात. १९८० च्या दशकात असायक्लोव्हिर हे औषध आले. १९८६ साली छापलेल्या अमेरिकेतल्या तुलनेत जुन्या औषधावरचे ५४ टक्के रुग्ण गेले, असायक्लोव्हिरवरचे २८ टक्के. केवढा फरक! मात्र त्याच निबंधात दुसरा आकडा आहे, तो वर्तमानपत्रांत आला नाही: सहा महिन्यांनी नीट पूर्वीसारखे आयुष्य जगणारे असायक्लोव्हिरच्या गटात ३८ टक्के होते. म्हणजे वाचलेल्यांतले कितीतरी जण वाचले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. औषधाने माणसे वाचवली आणि आठवणीचा प्रश्न घरोघरी पाठवला.

त्यातले सगळ्यात गाजलेले घर लंडनच्या क्लाइव्ह वेअरिंग यांचे. जुन्या युरोपीय संगीताचे जाणकार, बीबीसीत काम करणारे. मार्च १९८५ मध्ये त्यांना हर्पिसचा मेंदूज्वर झाला. त्यानंतर त्यांची आठवण काही सेकंदांवर आली. बायको स्वयंपाकघरात जाऊन परत आली की वर्षानुवर्षांनी भेटल्यासारखा आनंद. ते रोजनिशीत आता आपण खरोखर जागे झालो असे लिहीत, आणि जरा वेळाने आधीची ओळ खोडून तेच पुन्हा लिहीत. एवढे होऊनही पियानोसमोर बसवले की ते वाजवत, गायकवृंद दिला की हातवारे बिनचूक. पत्नी डेबोरा यांनी २००५ साली या सगळ्यावर पुस्तक लिहिले.

आणि आठवण म्हणजे फक्त 'काल काय झाले' नव्हे, हे १९८४ साली एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी दाखवले. हर्पिसच्या मेंदूज्वरातून उठलेले चार रुग्ण त्यांनी तपासले. या मंडळींना हत्यारे, घरातल्या वस्तू बऱ्यापैकी ओळखता येत, त्यांचे उपयोग सांगता येत. पण प्राणी, झाडे, खाण्याचे पदार्थ यांची ओळख पुसली गेलेली. हातोडी कळते, पोपट कळत नाही! शब्दांचे अर्थ मेंदूत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात की काय, हा वाद त्या निबंधापासून पेटला आणि त्यावर कितीतरी पीएच.डी. झाल्या.

अशा पीएच.डी.च्या कामात प्रत्यक्ष करतात काय, हे मी एका विद्यार्थिनीकडून समजून घेतले. आजारानंतर वर्ष-दोन वर्षे झालेले रुग्ण शोधायचे, हेच पहिले कठीण काम. पत्ते बदललेले, फोन बंद, आणि बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा दवाखान्याचे नाव नको असते. मग शांत खोलीत दोन-तीन तास. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची, दर वेळी आठवतील तितके शब्द विचारायचे, मध्ये दुसरे काम द्यायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे. एक छोटी गोष्ट सांगून ती परत सांगायला लावायची. गुंतागुंतीची आकृती आधी बघून काढायची, मग न बघता. आकडे उलटे म्हणायचे. अंकांचे ठिपके क्रमाने जोडायचे आणि वेळ मोजायचा. या सगळ्यातून कळते की बिघाड नेमका कुठे आहे. लक्षच लागत नाही? लक्ष लागते पण साठत नाही? साठते पण हवे तेव्हा निघत नाही? घरच्यांना तिन्ही सारखेच दिसतात, 'विसरतो'. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे.

विषाणूगणिक चित्रही बदलते. हर्पिस आठवणीच्या भागावर बसतो. जपानी मेंदूज्वर मेंदूच्या खोल गाभ्यातल्या केंद्रांना धरतो, म्हणून त्यातून उठलेली मुले संथ होतात, हातपाय ताठरतात, बोलणे मंदावते. जपानी मेंदूज्वरात शंभरातले वीस ते तीस रुग्ण जातात आणि वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्क्यांत काही ना काही व्यंग राहते. त्यावर लस आहे, भारतात २००६ पासून जोखमीच्या जिल्ह्यांत देतात. गावी महिना-दीड महिना राहणार असाल तर निघण्यापूर्वी मुलांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. चांदीपुराला आणि अल् खुम्राला लस नाही.

आता आपल्या भाषेची अडचण. या चाचण्या बहुतेक इंग्रजीत घडल्या. तिथल्या गोष्टीतली नावे, गावे, नाणी आपल्या माणसाला परकी. ती विसरला तर तो आजार म्हणायचा की अनोळखीपणा? शिवाय सातवी शिकलेल्या काकू आणि इंजिनिअर मुलगा यांना एकच पट्टी लावता येत नाही. भारतात यावर काम झाले आहे. चंडीगडच्या पीजीआयमध्ये द्वारका पर्शाद आणि डॉ. विग यांनी १९७७ साली स्मरणशक्तीची भारतीय चाचणी तयार केली. बंगळूरच्या निम्हान्सने २००४ साली चाचण्यांचा पूर्ण संच काढला, त्यात वय, शिक्षण, स्त्री-पुरुष यांनुसार वेगवेगळी प्रमाणे दिली, अगदी निरक्षरांसाठीही. मुलांसाठी तर लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० साली सगळ्यात साधी वाट काढली. यंत्र नाही, आकृत्या नाहीत, आईला विचारायचे प्रश्न: पोर हाताने जेवते का, कपडे घालते का, घरच्यांखेरीज इतरांना ओळखते का, शाळेत बरोबरच्या मुलांइतके चालते का, वागणे बदलले का. मलेशिया आणि भारतातल्या मुलांवर तो तपासलेला आहे. म्हणजे आत्याला जे दिसत होते त्याला गुण देऊन मोजायची सोय झाली. ही गोष्ट मला सगळ्या मोठ्या शोधांपेक्षा मोठी वाटते. कोणी वाद घालावा.

मग उपाय? मेलेला भाग परत उगवत नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. पण इंग्लंडच्या बार्बरा विल्सन यांनी, ज्यांनी क्लाइव्ह वेअरिंग यांनाही तपासले, आयुष्यभर एकच धरून ठेवले: आठवण परत आणता येत नसेल तर दिवस सोपा करा. १९९४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशा रुग्णाला शिकवताना 'आठव बघू, अंदाज कर' म्हणू नये. चुकीचा अंदाज एकदा केला की तीच चूक हाताला लागते, कारण चूक केली होती हेच त्याला आठवत नाही. आधी बरोबर उत्तर सांगा, मग म्हणून घ्या, मदत हळूहळू काढा. आपल्याकडे पाढे शिकवताना छडी घेऊन जे करतात त्याच्या बरोबर उलट! कॅलिफोर्नियात एका इंजिनिअर वडिलांनी डोक्याला मार लागलेल्या मुलासाठी पेजरची युक्ती केली होती. ठरल्या वेळी औषध घे, बस पकड असा निरोप वाजतो. विल्सनबाईंनी ती १४३ जणांवर तपासली आणि २००१ साली निकाल छापला. पेजर पूर्ण काळ वापरलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांची रोजची कामे नीट होऊ लागली. आज हे काम खिशातला फोन करतो.

आत्याने यातले काही वाचले नव्हते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक सायकलला ती पत्र्याचा नंबर बांधायला लावी आणि वहीत नंबरासमोर मालकाचे नाव, काम, पैसे. आतेभावाला फक्त एकच सवय लावली, नंबर बघ आणि वही उघड. ती सवय हाताची होती, म्हणून टिकली. दुकान एकतीस वर्षे चालले.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती नवी आहे आणि जीव वाचवणारी आहे. हर्पिसच्या मेंदूज्वरातून सावरलेले मूल दोन-चार आठवड्यांनी पुन्हा बिघडले, हातपाय वेडेवाकडे हलू लागले, चिडचिड, झोप नाही, बोलणे बंद, तर पूर्वी म्हणत विषाणू परतला किंवा मूल हट्टी झाले. २०१० च्या दशकात कळले की बऱ्याच वेळा विषाणू नसतोच. शरीराचीच संरक्षक फौज मेंदूवर उलटलेली असते. २०१८ साली छापलेल्या स्पेनमधल्या अभ्यासात चार रुग्णांपैकी सुमारे एकात हे दिसले, बहुधा तीन महिन्यांच्या आत. याच्यावर निराळे औषध आहे आणि ते वेळेत दिले तर उपयोग होतो. तेव्हा 'घरी आल्यावर बिघडला' हे डॉक्टरांना तारखेसकट सांगायचे, लाजायचे नाही.

सप्टेंबरात वहिनी परत आल्यावर मी त्यांच्याकडे चहाला गेलो आणि फोनवर न दिलेले उत्तर दिले. काही मुले पूर्ण बरी होतात, काही होत नाहीत, आणि कोणती ते घरी गेल्या दिवशी कळत नाही. म्हणून डिस्चार्जचा कागद, एमआरआयच्या फिल्म आणि पाण्याच्या तपासणीचा, म्हणजे पाठीतून काढतात त्या, रिपोर्ट जपून ठेवायचा. मूल आजारापूर्वी काय काय करत होते ते आठवेल तसे आजच लिहून काढायचे, शाळेच्या जुन्या वह्या टाकायच्या नाहीत, कारण पुढे तुलना त्यांच्याशीच होते. महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा दाखवायचे, आणि 'न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी करा' असे आपणहून मागायचे.

वहिनींनी ते सगळे कागदावर उतरवून घेतले. त्यांच्या माहेरच्या शेजारचा एक मुलगा त्या साथीत आजारी पडून वाचला आहे, चौथीत आहे. बाईंनी तक्रार केली म्हणे, पोराचे वर्गात लक्ष नसते. कागदाचा फोटो त्याच रात्री बडोद्याला गेला.